खुणेची मासळी

१

आषाढात ओढा वाहायला लागला की माझा एक दिवस ठरलेला असतो. सकाळी चुलीवरचं उरकायचं, गोधडीची सुई पदराला टोचायची, लुगड्याच्या लाल काठाची वीतभर चिंधी कनवटीला खोवायची आणि तलावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बसायचं. तिथं गवतातून गुडघाभर पाणी वाहतं. डोहातली मोठी मासळी त्या वाहत्या पाण्याला भुलून वर चढते आणि गवतात अंडी टाकते. याला आम्ही चढण म्हणतो. पहिली पोटुशी मासळी हाताला लागली की तिच्या पाठीच्या पराच्या बुडाशी चिंधी बांधायची, तिला दम येईस्तोवर पाण्यात धरायची आणि सोडून द्यायची.

अडतीस वर्षं झाली, एक साल चुकलं नाही. ज्या साली ओढा वाहिला नाही, त्या साली डोहाच्या कडेला बसून बांधली.

नवी पोरं विचारतात, "आज्जे, कावून करतीस गं हे?"

मी म्हणते, "मोजणी चालू हाय."

ती हसतात. हसू द्या. त्यांच्या घरात आज मासळी शिजते ती कशामुळं, हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, म्हणून मी हात जोडते. कुणाला जोडते, ते मात्र मला धड सांगता यायचं नाही.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि माझी नात शालन लिहिते.

माझं नाव कडूबाई. माझ्या आधीच्या तीन बहिणी पाळण्यातच गेल्या, म्हणून आईनं मला कडू म्हटलं. कडू असलं की नेणारा तोंडात घालून थुंकून देतो, असं ती म्हणायची. तर आमच्या घरात जगण्यासाठी खूण करायची रीत जुनीच आहे.

२

हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात आम्हीच खोदला. घाटनांदूरच्या पल्याड, दोन माळांच्या मधे. मी डोक्यावर पाटी घेऊन भरावावर माती टाकत होते आणि माझी पाच वर्षांची सावित्री दगडाच्या सावलीला बसून खडे मोजत होती. पुढं तलावात पाणी साठलं, त्यात मासळीचं बी सोडलं आणि अकरा घरांनी मिळून मासेमारीची संस्था काढली. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मी सभासद झाले. अकरा सभासदांत बाई मी एकटीच.

चौदा वर्षांनी पाऊस पुन्हा रुसला. आषाढात ओढा जेमतेम आठवडाभर वाहिला. त्याच आठवड्यात मत्स्य खात्याचे एक साहेब आले. तरुण, बारीक, अंगावर सदा ओला शर्ट. त्यांनी चेअरमन कारभारीला विचारलं, "तलावात मासळी किती आहे?"

कारभारी म्हणाला, "साहेब, ती काय कोंबडी हाय का, सांजच्याला डालताना मोजायला?"

साहेब हसले. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी माझ्याकडून पाटीत पसाभर जोंधळे मागून घेतले. त्यातले शंभर कुंकवात घोळवले, परत पाटीत टाकले, हात घालून सगळं हलवलं. मग मला म्हणाले, "आता न बघता शंभर काढा." मी काढले. त्यांत लाल आले पाच.

"शंभरात पाच लाल. लाल तर आपण सगळे मिळून शंभरच टाकले होते. म्हणजे पाटीत जोंधळे किती?"

मला पाढे येत नाहीत, पण गोधडीचं गणित येतं. मी म्हटलं, "शंभराच्या वीस मुठी. दोन हजाराच्या घरात."

"बाई, तुम्ही साहेब व्हायला पाहिजे होतं," ते म्हणाले. तो माणूस मनानं मोठा. मी आजही त्यांचं नाव चांगल्या तोंडानं घेते.

तलावाचंही तसंच करायचं ठरलं. चढणीला आलेली शंभर मासळी धरायची, खूण बांधून सोडायची, महिन्याभरानं परत शंभर धरायची आणि त्यांत खुणेची किती ते बघायचं. किती जीव आहेत ते कळलं, की पाणी आटेस्तोवर किती काढायचे आणि बियाण्याला किती ठेवायचे ते ठरवता येणार होतं. नाहीतर भुकेच्या भरात सगळं काढून बसलो असतो आणि पुढं दहा वर्षं नुसतं पाणी बघत राहिलो असतो.

३

गाठ मारायचं काम माझ्याकडं आलं, कारण पंचक्रोशीत गोधडी शिवावी ती मीच. माझी गाठ दोन वेढ्यांची. दोन्ही वेढे उजवीकडून, आणि शेपूट आत. धुवून धुवून कापड विरतं, पण ती गाठ सुटत नाही.

साहेबांनी पिवळ्या टिकल्या आणल्या होत्या. त्यांवर आकडे होते. मी काठाला पाण्यावर वाकून बसायचे, संस्थेतला बन्सी जाळ्यातली एकेक मासळी माझ्या हातात द्यायचा. पाठीच्या पराच्या बुडाशी सुई, दोरा, टिकली, गाठ. मग सोडायची. सोडण्याची रीत साहेबांनी शिकवली. मासळी झोकून द्यायची नाही. एक तळहात पोटाखाली, दुसरा शेपटीशी, आणि तिला पाण्यात हळूहळू मागं-पुढं करायचं. कल्ले उघडमीट करायला लागले, शेपटीनं हाताला धक्का दिला, की मगच बोटं सैल सोडायची.

"दम धरल्याशिवाय सोडू नका," ते म्हणायचे. "नाहीतर बुडाशी जाऊन मरते."

साठ मासळ्या झाल्या आणि टिकल्या संपल्या. साहेब सांडव्याकडं पाण्याची खोली मोजायला गेले होते. पोटुश्या मासळ्या तर आत्ता कुठं यायला लागल्या होत्या. मला आकडे वाचता येत नव्हते, मला टिकली काय आणि चिंधी काय, सारखीच. मी लुगड्याचा लाल काठ टराटरा फाडला आणि पुढच्या चाळीस त्यानं बांधल्या. साहेब आले, बघून कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "असू द्या. चिंधी पण खूणच."

टिकलीवरचा आकडा काय, वाचणाऱ्यापुरता. चिंधी मात्र कुणालाही कळते. हे मला फार उशिरा उमगलं.

त्या दिवशी कारभारीनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं, की खुणेची मासळी कुणी कापायची नाही. जाळ्यात आली तर मोजायची आणि सोडायची. मोजणी संपेपर्यंत.

४

श्रावणात दुसऱ्यांदा जाळं टाकलं. मी काठाला जोंधळे घेऊन बसले. साध्या मासळीला पदराच्या या टोकात दाणा, खुणेच्या मासळीला त्या टोकात. शंभर झाल्या. पिवळ्या टिकलीच्या नऊ, लाल चिंधीच्या सहा.

साहेबांनी वहीत मांडलं. "साडेसहाशेच्या पुढंमागं."

"अन् ह्या?" मी विचारलं.

घमेल्यात मी पाच वेगळ्या ठेवल्या होत्या. पाचांच्याही पाठीला चिंधी होती, पण काळी.

"भिजून काळी पडली असेल," साहेब म्हणाले.

लाल रंग उडाला तर गुलाबी होतो, पांढरा होतो, काळा होत नाही. मी एक चिंधी बोटांत धरून चोळली. कापड चोळलं की ताणाबाणा हाताला लागतो, कडेचा एखादा दोरा निघतो. याला दोराच नव्हता. गुळगुळीत, दोन्ही अंगांनी सारखं, जणू कुणी कापड लांबून नुसतं बघितलं होतं आणि ते कसं विणतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बन्सी, ही चेष्टा तुझी का रं?"

"न्हाई गं वहिनी. मला सदऱ्याची गुंडी लावता येईना, मासळीला चिंधी कवा बांधू?"

साहेबांनी त्या पाच मोजणीत धरल्या नाहीत. मला म्हणाले, "सोडून द्या." मी एकेकीला पोटाखाली हात धरून दम दिला. त्यांना दम द्यावा लागला नाही. हात लावताच त्या शांत झाल्या, जणू त्यांना या धरण्याची सवय होती.

५

घरी आल्यावर मला चैन पडेना. त्या पाचांतली एक चिंधी मी सुईनं सोडवून आणली होती. दिव्याशी धरली. दोन वेढे, शेपूट आत. गाठ माझीच. पण दोन्ही वेढे डावीकडून.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खोलीत मी एकेकाच्या हातात सुतळी दिली आणि म्हटलं, "मार गाठ." दहा गडी, दहा तऱ्हा. कुणाची अढी, कुणाची सरकती. बन्सी म्हणाला, "आता ह्या वयात कुणासंगं गाठ बांधून देतीस का काय?" सगळे हसले, मीही हसले. पण डावे दोन वेढे कुणाचेच पडले नाहीत.

मग मला आठवलं ते सांगते. गोधडी शिकायला पोरी येतात, तेव्हा मी त्यांना समोर बसू देत नाही. शेजारी बसवते, लहान असली तर मांडीवर घेते. कारण समोर बसून शिकलेली पोर माझा उजवा हात बघून आपला डावा चालवते. तिची गाठ जन्मभर उलटी पडते. सुटत नाही, पक्की असते, फक्त उलटी असते. अशा दोन पोरी मी बिघडवल्या आहेत, म्हणून मला पक्कं ठाऊक.

ही गाठ ज्यानं मारली तो माझ्यासमोर बसून शिकला होता.

आणि ओढ्याच्या तोंडाशी मी चाळीस गाठी मारल्या, तेव्हा बन्सी माझ्या मागं होता, साहेब सांडव्याला होते. माझ्यासमोर फक्त पाणी होतं.

मी स्वतःची समजूत घातली. कुणीतरी झाडीतून बघितलं असेल. बिघडवलेल्या पोरींपैकी एखादी माहेरी आली असेल. अक्कल अशी वेळेला धावून येते. पण रात्री अंग टाकलं की एकच विचार यायचा. खूण बांधतो तो मोजायला बांधतो. आम्ही वरून मोजतोय, हे ठीक. पण खालून कोण काय मोजतंय?

६

त्यानंतर पाऊस आलाच नाही. भादव्यात तलाव निम्म्यावर आला, आश्विनात नुसता डोह उरला. विहिरीला पाणी नव्हतं, त्यामुळं प्यायला, धुवायला सगळं गाव त्या डोहावर. ओढ्याच्या तोंडाशी टाचभर पाण्याचं एक डबकं तेवढं राहिलं होतं, डोहापासून दोनशे पावलांवर.

तेव्हाच सावित्री तलवाड्याहून माहेरी आली. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा सरलेला. तिच्या सासूनं निरोप धाडला होता, "आमच्याकडं पाणी न्हाई, तुमच्याकडं तलाव हाय. पोरीला जपा." माझं दुसरं लेकरू नाही. नवरा गेला, आता ही आणि हिच्या पोटातलं, एवढंच माझं जग होतं. मी तिला खाटेवरून उठू देत नव्हते.

दसरा होऊन पाच दिवस झाले होते. भर दुपारी मी बाळासाठी दुपटं शिवत होते. डोळा लागला असेल घटकाभर. जागी झाले तर सावित्री घरात नव्हती आणि शेजारची भिमाबाई धावत येत होती. भिमाबाई गावची सुईण. गावातली बाळंतपणं सगळी तिच्याच हातची, आणि घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

"कडूबाई, पळ! तुझी पोर दोन कापडं पिळाय आलती. म्या म्हनलं तिकडं जाऊ नगंस. गाळावर पाय दिला अन्... व्हती, अन् मंग न्हवती!"

आटलेल्या तलावाचा गाळ फसवा असतो. वरून भाकरीच्या पापुद्र्यासारखा वाळतो, भेगा पडतात, वाटतं चालावं. खाली लोण्यासारखा असतो. मी पोचले तेव्हा कडेला दोन पिळलेली कापडं होती, वहाणा होत्या, आणि गाळात एक भोक होतं. त्यात पाणी भरत आलं होतं. मी बघता बघता भोक मिटलं.

बन्सी हवा भरलेल्या ट्यूबवर पालथा पडून बांबूनं गाळ ढोसत होता. कारभारी कमरेला दोर लावून आत गेला, छातीपर्यंत रुतला, त्याला चौघांनी ओढून काढला. भात शिजून खाली उतरावा एवढा वेळ गेला. मग बन्सीनं बांबू वर काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी..."

त्याच वेळी ओढ्याच्या तोंडाकडून कुणीतरी खोकलं.

७

सावित्री त्या डबक्यात पालथी होती, गवतात, हनुवटी पाण्याच्या वर. तिला उचलून बसती केली, भिमाबाईनं पाठीवर थापटून पाणी काढलं. श्वास चालू. पोटाला कान लावला, पोटातलं लाथ मारत होतं. मी तिथंच गवतावर लोळून रडले. अजून ते आठवलं की हात आपोआप जुळतात.

बन्सी म्हणाला, "गाळाखालनं सरकत कडंला लागली असंल. मंग भरमात चालत हितवर आली." मी मान डोलावली. मला तेच हवं होतं. पण डोह आणि डबकं यांच्या मधल्या मऊ गाळात पाऊल एकाचंही नव्हतं. बगळ्यांची नखं तेवढी उठली होती. आणि अंगाला गाळ नव्हता. केसातसुद्धा नाही. कुणीतरी धुवून ठेवावी तशी पोर.

घरी आणून लुगडं बदलायला घेतलं तेव्हा भिमाबाईला दिसलं.

"हे काय गं पायात?"

डाव्या घोट्याला काळी चिंधी होती. मी वाकून बघितली. दोन वेढे डावीकडून, शेपूट आत.

भिमाबाईनं कात्री घेतली. मी तिचं मनगट धरलं. "कापू नगंस."

"कावून?"

"खुणेची हाय ती."

गावात बायका म्हणाल्या, पाण्यातल्या आसरांनी धरली, खण-नारळ सोडा. भिमाबाई म्हणाली, "असलं समदं आमी छप्पन साली सोडलं. पन ह्याला काय म्हनावं ते मला बी कळंना." मी खण-नारळ सोडला नाही. ज्यानं सोडली त्यानं मागितलं काहीच नव्हतं.

सांजेला सावित्री बोलली. डोळे मिटूनच. "आई, आधी लई अंधार व्हता. मंग पोटाखाली हात आला. लई थंड. मला वाटलं तूच हायस. मागं-पुढं, मागं-पुढं केलं, हळूहळू. मी हिसका दिला, तवा सोडलं."

ज्या जागी आम्ही मासळी सोडत होतो, त्याच जागी.

रात्री तेल लावताना मला तिच्या पोटाच्या खालच्या अंगाला बोटांचे वळ दिसले. निळसर, आडवे. मी मोजायला लागले, सवयच ती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुढं अजून होते. मी पदर ओढून घेतला. आयुष्यात मी खडे मोजले, जोंधळे मोजले, मासळी मोजली. ते मात्र मोजले नाहीत.

८

कार्तिकात साहेब परत आले. संस्थेची सभा भरली. खोली पत्र्याची, एका खिडकीची, भिंतींना जाळी टांगलेली. पाच दिवस कुणी डोहात उतरलं नव्हतं, जाळी वाळून कोळ झाली होती. तरी बसल्या बसल्या मला आवाज येत होता. टप्. टप्. कोपऱ्यातल्या जाळ्याखालची माती ओली होती. मी वर पत्र्याकडं बघितलं. पत्रा कोरडा होता, बाहेर ऊन होतं.

साहेब म्हणाले, "मोजणी झाली. आता खुणेची-बिनखुणेची असं काही राहिलं नाही. डोहात साडेसहाशे मासळी टिकणार नाही, शंभर-सव्वाशे टिकेल. बियाण्याला बारकी ठेवा, मोठी सगळी काढा."

कारभारी म्हणाला, "उद्याच जाळं लावू. खुणेची लई जड झाल्याती."

टप्. टप्. टप्. आवाज भरभर व्हायला लागला. मी बाकीच्यांची तोंडं बघितली. बन्सीनं तेवढी त्या कोपऱ्याकडं मान वळवली होती.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. ते शिकतंय. गाठ शिकलं, कारण मी मारली. दम देणं शिकलं, सोडणं शिकलं, कारण आम्ही सोडलं. उद्या आम्ही म्हटलं मोजणी संपली, आणि खुणेची मासळी काढून चिरली, तर तेही शिकेल. माझी खुणेची पोर घरात खाटेवर होती. तिचे महिनाभर दिवस उरले होते आणि तिच्या पिण्याची घागर रोज त्याच डोहातून भरत होती.

मी उभी राहिले. "मोजणी संपली न्हाई."

"साहेब म्हनायलेत की संपली," कारभारी म्हणाला.

"साहेबांची संपली आसंल. संस्थेची न्हाई. बिनखुणेची समदी न्या, माझा वाटा बी तुमीच घ्या. पन चिंधीची अन् टिकलीची डोहात ऱ्हाऊ द्या. पुढच्या चढणीला परत मोजू. त्याच्या पुढच्या बी."

"अन् कवर मोजायचं?"

"ऱ्हायलो तवर."

कारभारी तापला. "पोरं भाकरीला तरसायलीत अन् हिला मासळ्या पाळायच्यात! कडूबाई, तुझं नाव कडू हाय ते ठीक, वागणं कावून कडू?"

मी त्याच्यासमोर हात पसरले. त्याआधी मी कुणासमोर पसरले नव्हते. "कारभारीदादा, माझ्या पोरीसाठी तू छातीएवढ्या गाळात उतरलास. तेवढ्यात माझ्यासाठी अजून एकडाव उतर. कारण इचारू नगंस."

कोपऱ्यात थेंब पडतच होते. मग बन्सीनं हात वर केला. त्यानं बांबूनं गाळ ढोसला होता, मधे पाऊल नव्हतं ते त्यानंही बघितलं होतं, आणि त्याबद्दल तो जन्मभर कधी बोलला नाही. त्याच्या मागून एकेक हात वर आला. शेवटी कारभारीचा.

साहेब वहीत बघत म्हणाले, "खरं तर वाईट नाही. शंभर खुणेच्या, त्यांत चाळीस तरी माद्या. बियाणं म्हणून याहून चांगलं नाही. डोहावर बाभळीच्या फांद्या टाका, सावली राहील."

मी कोपऱ्याकडं बघितलं. आवाज थांबला होता.

९

मार्गशीर्षात सावित्री सुखरूप बाळंत झाली. भिमाबाईनं पोरगी माझ्या ओटीत घातली आणि म्हणाली, "नाळ लई सरळ, पोर लई गार." मी दुपट्यात गुंडाळली, चुलीशी धरली, ऊब आली. मग सावित्रीचे पाय पुसायला घेतले. घोट्याला चिंधी नव्हती. अंथरूण झाडलं, खाटेखाली बघितलं, नव्हती. त्या डोहात मासळी उन्हाळाभर तगली, पुढच्या आषाढात ओढा दोन्ही काठ भरून आला आणि खुणेची मासळी गवतात चढली. त्या बियाण्यावर अकरा घरं उभी राहिली. आणि सावित्रीची ती गार पोर म्हणजे ही शालन.

सावित्री आता तलवाड्याला सुखात आहे, तिलाही सून आली. बन्सी गेला, भिमाबाई गेली. कारभारी जाताना मला म्हणाला, "मोजणी चालू ठीव गं." संस्थेच्या वहीत दर साली तोच ठराव लिहिला जातो, कारण न लिहिता.

शालनला मी गाठ शिकवली ती मांडीवर बसवून, तिचे हात माझ्या हातांत धरून. सहा वर्षांची होती. पहिलीच गाठ तिनं मारली ती डावीकडून. मी सोडवली, परत शिकवली. परत डावीकडून. मी तिला रागावले नाही. तिला माझ्या आधी कुणीतरी मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

यंदा माझे हात कापतात. सुई पराला लागेना. शालन म्हणाली, "आज्जे, आण इकडं." मी तिला माझ्या जागी बसवलं आणि मागं बसून बघत राहिले. ऊन चांगलं होतं, पाणी निवळशंख. तिनं चिंधी धरली, डावीकडून एक वेढा, दुसरा वेढा. खाली पाण्यात तिच्या समोर दोन हात तेच करत होते, उजवीकडून, माझ्यासारखे. पडछाया ती, पडणारच.

शालनची गाठ झाली. तिनं हात उचलले, कपाळावरचा घाम पुसला.

खालचे हात अजून शेपूट आत घालत होते. सावकाश, नीट, कुठं चुकू नये असे.

मी डोळे मिटले आणि हात जोडले. मग शालनला म्हटलं, "दम धरल्याबिगर सोडू नगंस, बाई."

तिनं मासळीच्या पोटाखाली तळहात धरला. मासळीनं धक्का दिला, आणि तिनं बोटं सैल केली.